ती चिमणी शोभेची नव्हती

मुंबईच्या सहलीचे तुमचे सव्वीस वृत्तान्त काल रात्री जागून वाचले. आता वह्या मिटा, मोबाइल दप्तरात टाका आणि माझ्याकडे बघा.

एका वृत्तान्तातलं वाक्य वाचून दाखवतो. ‘लोअर परळला मॉलच्या आवारात शोभेसाठी जुन्या पद्धतीची एक उंच चिमणी उभारली आहे. तिच्यासमोर आम्ही ग्रुप फोटो काढला.’

शोभेसाठी? अरे, तिथे फिनिक्स मिल होती! ती चिमणी धूर ओकायची तेव्हा त्या भागातल्या हजारो चुली पेटायच्या. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करत बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उठले आणि माणसं गावाकडे परतली. त्यातली कितीतरी आपल्या या घाटावरची होती. हे वाक्य लिहिणाऱ्याचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात होते. हे मला कुणी सांगितलं? त्यानेच, पहिल्या वर्षी लिहिलेल्या निबंधात!

दोन महिने आधी मी फळ्यावर यादी लिहून दिली होती. जयवंत दळवींची ‘चक्र’, मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’, भाऊ पाध्यांची ‘वासूनाका’, बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आणि जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. प्रत्येकाने किमान एक वाचावं, एवढीच अट होती. काल ग्रंथालयाची नोंदवही मागवून पाहिली. पाचांपैकी चार पुस्तकं जागची हललेली नाहीत.

वेळ नव्हता म्हणता. कुठला वडापाव खायचा, कुठल्या नटाच्या बंगल्यासमोर उभं राहायचं, हे शोधायला वेळ होता. बस घाटकोपरवरून जात होती तेव्हा तुमची अंताक्षरी रंगली होती. त्याच घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडपट्टीत राहून अण्णा भाऊ साठ्यांनी लिहिलं. इथून तासाभराच्या वाटेवरच्या वाटेगावातून तो माणूस पोरवयात बापाबरोबर पायी मुंबईला गेला होता. तुम्ही एसी बसने गेलात आणि एकानेही खिडकीबाहेर मान वळवली नाही. तुमची चूक नुसती अभ्यासातली असती, तर मी गुण कापून गप्प बसलो असतो. तुम्ही आपल्याच माणसांच्या दारावरून ओळख न दाखवता निघून आलात, म्हणून माझा जीव जळतो.

मागच्या बाकावरून परवा एक प्रश्न आला होता. ‘सर, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मुंबई वाचून काय करायचं? ती आता उरलीय कुठे?’ उरली नाही, म्हणूनच वाचायची. जे डोळ्यांना दिसतं ते बघायला पुस्तक लागत नाही. जे पुसलं गेलं ते कुठे होतं, कुणाचं होतं, हे कळायला लागतं.

दुसऱ्याचं म्हणणं, गोष्टी कशाला, इंटरनेटवर माहिती वाचली की झालं. वरळीला बीडीडी चाळींवरून गेलो, आठवतं? माहिती सांगते की त्या इंग्रजांच्या काळात १९२० च्या दशकात बांधल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. पाठ करा, परीक्षेत लिहा. पण त्या खोलीत सासरा, दीर, बाळंतीण आणि रात्रपाळीहून आलेला माणूस एकाच वेळी कसे मावतात? नव्या नवरीने कुणाशी काय आणि किती हळू बोलायचं? पाळी चुकलेल्या बदली कामगाराने घरात शिरताना चेहरा कसा ठेवायचा? हे चौरस फुटांत सांगता येत नाही. त्यासाठी गोष्टच लागते. गोष्ट वाचलेला माणूस चाळीच्या जिन्यापाशी क्षणभर थांबतो. तुम्ही थांबला नाहीत.

‘वासूनाका’त शिव्या आहेत, घरी चालणार नाही, अशी तक्रार आली. १९६५ ला ते पुस्तक आलं तेव्हा आचार्य अत्र्यांनीही त्याच्यावर झोड उठवली होती. पुस्तक तरी टिकलं, कारण नाक्यावरची रिकामटेकडी पोरं जशी बोलतात तशीच ती त्यात बोलली. शहराची भाषा कानावर पडू द्यायची नसेल तर शहरात जाता कशाला?

आता ज्या एकाने पुस्तक नेलं होतं, त्याने खूश होऊ नये. ‘माहीमची खाडी’ वाचून आलास, शाबास. पण माहीम कॉजवेवर बस अडकली तेव्हा तू खिडकीतून झोपड्यांचे फोटो काढलेस आणि ओरडलास, ‘अरे, डिट्टो कादंबरी!’ दारात भांडी घासणाऱ्या बाईने तोंड फिरवलं, ते मी पाहिलं. कर्णिकांची ती कादंबरी १९६९ ची. त्या बाईचं आयुष्य आजचं आहे आणि तिचं स्वतःचं आहे. समोरच्या माणसावर चिकटवायला शिक्के मिळावेत म्हणून कादंबरी वाचायची नसते. ती वाचून नजर खाली झुकायला हवी. न वाचता जाणारा आंधळा, हे खरं. पण वाचून असं वागणारा उद्धट. दोन्ही मला चालणार नाहीत.

मी एवढा का बोलतो? उद्या तुमच्यातले निम्मे नोकरीला त्याच मुंबईत जाणार आहात. कुणाच्या तरी खोलीत चौथा म्हणून राहाल, लोकलला लटकाल. तुमच्या आधी कोण कोण असं राहिलं आणि त्यांनी कशी तग धरली, हे ठाऊक असेल तर त्या गर्दीत एकटे पडणार नाही. ही शिदोरी मी तुम्हाला देऊ पाहत होतो. ती तुम्ही कपाटातच ठेवलीत.

सगळे वृत्तान्त परत घेऊन जा. यादीतलं एक पुस्तक वाचा आणि सोमवारपासून पंधरा दिवसांनी नव्याने लिहून आणा.

आणि तू, चिमणीवाल्या. तो ग्रुप फोटो आज घरी गेल्यावर आजोबांना दाखव. चिमणीवर बोट ठेव आणि ही काय आहे ते विचार. ते बोलतील तेवढं उतरवून घे. गप्प राहिले तर तेही लिही. मग जयंत पवारांचं पुस्तक उघड. तुझी प्रत ग्रंथालयात काढून ठेवायला सांगितली आहे.