अंतरिक्षातून परतलेली वस्तू आणि परिग्रह

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका जिज्ञासू गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. ज्या सोविएत देशाशी १९५५ साली करार होऊन हा कारखाना उभा राहिला, त्या देशाच्या अंतराळयात्रांचे त्यांना बालपणापासून वेड. अंतरिक्षात जाऊन आलेल्या यानातील कापडाचा लहानसा तुकडा विकत घ्यावा, त्यासाठी निवृत्तीच्या पैशांतून मोठी रक्कम काढावी, असे त्यांच्या मनात आहे. पत्नीला ते मान्य नाही. ही भक्ती म्हणावी की परिग्रह?

प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. जाऊन आलेल्या कापडाशेजारी न गेलेले ठेवले तर डोळ्यांना भेद दिसत नाही, हे खरे. पण काशीची गंगाही आपण देवघरात ठेवतोच की! संबंधाने वस्तू पूज्य होते. भरताने पादुका सिंहासनावर ठेविल्या त्या याच न्यायाने. मात्र पादुका मिळाल्याने भरत राज्याचा स्वामी झाला नाही, सेवक झाला.

बाजाराची रीत निराळी. अपोलो ११ च्या यात्रेत चंद्रावरील माती ज्या पिशवीतून आणली, ती २०१५ साली अमेरिकेतील सरकारी लिलावात अवघ्या ९९५ डॉलरना गेली, कारण ती कोणत्या यात्रेतील हे विकणाऱ्यांस उमगले नव्हते. ओळख पटल्यावर २०१७ साली तिचे अठरा लाख डॉलर आले. पिशवी तीच, धूळही तीच. वाढली ती स्पृहा. अपोलो १५ च्या यात्रींनी तर १९७१ साली सुमारे चारशे टपाल-पाकिटे विनापरवाना नेली, त्यांपैकी शंभर एका व्यापाऱ्यासाठी होती. पुढे त्यांना ठपका मिळाला. येथे निघण्यापूर्वीच फळाचा हिशेब झालेला होता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस ज्ञानाचे लक्षण आले आहे: एकाच कार्याला, तेच सर्वस्व असे मानून, निष्कारण चिकटणारे. संग्राहकाने हे लक्षण स्वतःस लावून पाहावे. तुकडा पाहून सहस्रावधी कामगारांचे श्रम आठवत असतील तर तो एक खिडकी आहे. 'माझ्यापाशी आहे, इतरांपाशी नाही' एवढेच आठवत असेल तर ती भिंत होय.

एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, अशी कथा आहे. त्यांना त्या जलाचे पावित्र्य ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

आणि निवृत्तीच्या त्या धनावर सहधर्मचारिणीच्या वार्धक्याचाही अधिकार आहे; तिच्या संमतीवाचून घेतलेली वस्तू देवघरात शोभणार नाही. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्यातून पृथ्वीवर उतरले, ते सोयूझ टी-१० दिल्लीच्या नेहरू तारांगणात जतन केले आहे. दुर्गहून दिल्लीस आगगाडी जाते. उभयतांनी आधी ते पाहून यावे.