झिजलेलें सील आणि पिळलेला स्क्रू

वाशीम जिल्ह्यांत मृगाच्या तोंडावर वादळ होऊन धुऱ्यावरची एखादी बाभूळ आडवी झाली म्हणजे पेरणीपूर्वीं ती दूर करण्याची शेतकऱ्यास घाई असते. कुऱ्हाडीनें दिवसभर चालणारें तें काम पेट्रोलवरची यांत्रिक करवत थोड्या वेळांत उरकते. अशीच एक करवत घेऊन तालुक्याच्या गांवीं मिस्त्रीकडे आलेला एक शेतकरी आम्हीं पाहिला. खटका सोडला तरी इंजिन मंदावत नव्हतें. "भाऊ, स्क्रू तेवढा पिळून द्या, इंजिन खोलत बसूं नका," असें त्याचें म्हणणें. त्या क्षणीं मिस्त्रीपुढें उभा राहिलेला प्रश्न केवळ यंत्राचा नव्हता, नीतीचाहि होता.

या इंजिनाचें वंगण पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्यानें १८९१ सालीं पुढें आणलेल्या रचनेप्रमाणें हें मिश्रण आधीं क्रँकच्या बंद पेटींत शोषलें जातें व तेथून दाबानें सिलिंडरांत जातें. पेटींतून क्रँकशाफ्टचीं दोन टोकें बाहेर येतात. प्रत्येकाभोंवतीं रबरी ओठाचें एकेक सील असतें. तो ओठ झिजला किंवा ताठरला कीं बाहेरची हवा आंत शिरते. पेट्रोल व वंगण दोन्ही हवेच्या मानानें कमी पडतात. इंजिन जोरानें धांवतें, तापतें आणि अखेर पिस्टनवर ओरखडे उठून निकामी होतें. पाहणाऱ्यास तो जोर वाटतो. वस्तुतः तो ज्वर असतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढविलें तर कांहीं दिवस आवाज निवळतो. परंतु फट तशीच राहते, आणि यंत्र देत असलेली सूचना मात्र बंद पडते.

कोणी म्हणेल, यंत्र शेतकऱ्याचें, पैसा त्याचा, निकडहि त्याची. मग मागितल्याबाहेर जाण्याचा मिस्त्रीस अधिकार काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. दुसऱ्याच्या गरजेहून आपलें ज्ञान मोठें मानणें हाहि अहंकारच होय. परंतु संमति ज्ञानावर उभी असते. ज्यास फट ठाऊकच नाहीं, त्याचें "स्क्रू पिळा" हें म्हणणें संमति नव्हे. तो केवळ विश्वास होय. अशा विश्वासाचा लाभ घेऊन गप्प राहणें आम्हांस असत्य भाषणाहून फारसें निराळें वाटत नाहीं.

त्या मिस्त्रीनें थोडा अवधि मागून घेतला. क्लच उतरविला, इंजिनाचीं छिद्रें बंद करून पंपानें बेताची हवा भरली आणि शाफ्टच्या मुळाशीं साबणाचें पाणी लावलें. बुडबुडे उठले. "हें पाहा भाऊ," एवढेंच तो बोलला. शेतकरी क्षणभर थांबून म्हणाला, "बाभूळ उद्यां काढूं." मग शाफ्टला ओरखडा न पडूं देतां जुनें सील निघालें, नव्याच्या ओठास तेल लावून तें सरळ बसविण्यांत आलें. वरून क्लच चढल्यावर त्या कामाची खूणहि दिसेना.

घरीं, कचेरींत, सार्वजनिक कार्यांत आपणांकडेहि लोक पुष्कळदां स्क्रू पिळून घेण्यासच येतात. निर्णय ज्याचा त्यानेंच करावा, हें खरें. परंतु तो करण्यापूर्वीं त्यास बुडबुडे दाखविणें हें जाणत्याचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.