कल्पित भाषेचे ऋण

नवी भाषा रचणाऱ्याला ध्वनींच्या निवडीत पूर्ण स्वातंत्र्य असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. जिला कुळच नाही अशा भाषेबाबत ते खरेही असेल. परंतु तो आपल्या भाषेला 'बांटू' म्हणवतो, तेव्हा हे स्वातंत्र्य कितपत उरते?

मूळ बांटू भाषेचे ध्वनीही कोणी ऐकलेले नाहीत. कार्ल माइनहोफ यांनी १८९९ मध्ये या कुळाचा ध्वनिविचार मांडला. माल्कम गथ्री यांचे तुलनात्मक अध्ययन १९६७ ते १९७१ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाले. स्वाहिलीतील 'म्तु', झुलूतील 'उमुन्तु' अशा माणूसवाचक रूपांच्या तुलनेतून 'मुन्तु' हे मूळ रूप अनुमानिले जाते आणि त्याआधी तारकाचिन्ह लावले जाते. सात स्वर, उच्च व नीच असे सुरांचे दोन स्तर, नासिक्याशी जोडलेली व्यंजने, हेही अनुमानच. म्हणजे पुनर्रचित भाषासुद्धा एका अर्थी कल्पितच होय. भेद आहे तो उत्तरदायित्वाचा. अनुमानित रूप प्रत्यक्ष भाषांतील पुराव्याला बांधील असते; प्रतिकूल पुरावा मिळाला की ते मागे घ्यावे लागते. तारकाचिन्ह ही या बांधिलकीची कबुली आहे. निव्वळ कल्पित रूपाला मात्र कोणताच पुरावा खोटे पाडू शकत नाही.

यातील नैतिक पेच 'क्लिक' ध्वनींच्या संदर्भात स्पष्ट होतो. झुलू व खोसा भाषांतील हे ध्वनी कुळाचे मूळचे नव्हेत. खोए व सान भाषकांच्या सहवासातून ते आले. विवाहित स्त्रीने सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नावांतील अक्षरे उच्चारू नयेत, हा 'ह्लोनिफा' नावाचा संकेत त्यांच्या स्वीकाराला साहाय्यक ठरला असावा, असे काही अभ्यासक मानतात: वर्ज्य अक्षराच्या जागी परका ध्वनी आला. अशा ध्वनीत शेजार, विवाह आणि सत्तासंबंध साठलेले असतात. केवळ 'आफ्रिकी' नाद यावा म्हणून तो तक्त्यात बसवणारा कल्पक हा इतिहास वजा करून उरलेले परकेपण तेवढे वापरतो.

कादंबरीतले गावही नकाशात नसते, असा आक्षेप यावर घेता येईल. तो रास्त आहे. परंतु चांगला कादंबरीकार गावाबरोबर गावाचा भूतकाळही रचतो. भाषा कल्पिणाऱ्याकडून अपेक्षा तेवढीच आहे. हा ध्वनी कोणत्या शेजाऱ्याकडून आला आणि कोणाच्या मौनातून रुजला, याचे उत्तर त्याच्या कल्पिताला देता आले पाहिजे.