नकार आणि साक्ष

लाच नाकारणे हे सज्जनाचे लक्षण आहे, याविषयी दुमत नाही. परंतु नकार दिल्याबरोबर माणसाचे कर्तव्य संपते काय? ज्याने लाच देऊ केली त्याचे नाव सांगणे हा कर्तव्याचाच भाग, की ती चहाडी? आणि तो माणूस आपला जुना सोबती असेल तर? कचेरीत, पतपेढीत, ग्रामपंचायतीत नोकरी वा सेवा करणाऱ्या अनेकांना हा प्रश्न कधी ना कधी गाठतो. इटलीतील एका फुटबॉलपटूला तो २०११ साली गाठून गेला.

सिमोने फारिना हे काही जगविख्यात नाव नव्हे. १९८२ मध्ये रोम शहरी जन्मलेला हा बचावपटू रोमा क्लबच्या युवा संघात खेळ शिकला आणि पुढे लहान लहान क्लबांतून खेळत राहिला. बचावपटूच्या वाट्याला कौतुक तसे कमीच येते. गोल करणाऱ्याचे नाव होते. होऊ घातलेला गोल अडविणाऱ्याची आठवण बहुधा तो चुकला तरच निघते. २००७ साली फारिना उंब्रिया प्रांतातील गुब्बिओ या गावाच्या संघात आला. या संघाने २०१० आणि २०११ अशी सलग दोन वर्षे बढती मिळविली व साठांहून अधिक वर्षांनी इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत पाऊल ठेवले.

३० नोव्हेंबर २०११ रोजी इटालियन चषक स्पर्धेत गुब्बिओचा सामना चेझेना संघाशी व्हायचा होता. त्याआधी रोमाच्या युवा संघातील एक जुना सहकारी फारिनाकडे आला. सामन्याचा निकाल सट्टेबाजांच्या सोयीने लागावा, यासाठी त्याने २ लाख युरो देऊ केले. त्या वेळच्या हिशेबाने ही रक्कम सव्वा कोटी रुपयांहून अधिक होते. फारिनाने नकार दिला. आणि एवढ्यावर न थांबता घडलेला प्रकार अधिकाऱ्यांच्या कानी घातला. क्रेमोना येथे आधीच सुरू असलेल्या तपासाला या साक्षीने बळ मिळाले. डिसेंबर महिन्यात अनेकांना अटक झाली. त्यांत तो जुना सहकारीही होता.

येथे पहिला आक्षेप असा, की फारिनाने हात स्वच्छ ठेवले होते. मग बोलण्याची गरज काय? गरज ही, की एका दारातून परतलेला लाच देणारा पुढचे दार ठोठावतो. माझा नकार मला वाचवितो, माझ्यानंतरच्या दुर्बळाला वाचवीत नाही. पवित्र मिस्साच्या आरंभी आपण विचार, शब्द आणि कृती यांनी केलेल्या पापांबरोबरच कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो. ती कबुली बहुधा आपल्या ओठांवरून फार लवकर निसटते. इटालियन फुटबॉल महासंघाच्या नियमांतही अशा प्रकाराची माहिती दडविणे हा स्वतंत्र अपराध मानला आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मित्राला एकांतात समजवावे, चारचौघांत उघडे पाडू नये, असे प्रभू येशूनेच नाही का शिकविले? संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. जे गुप्त पाप केवळ पाप्याचेच नुकसान करते, त्याविषयी प्रथम एकांतात बोलावे, हे त्यांना मान्य आहे. परंतु कोणी शहर शत्रूच्या हाती देण्याचा गुप्त कट करीत असेल, तर एकांतातील समजावणीने तो तत्काळ थांबेल अशी खात्री नसताना गप्प राहणे योग्य नव्हे. कारण तेथे अनेकांचे हित पणाला लागलेले असते. फारिनाजवळ आलेला माणूस एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी पैशाची एक मोठी साखळी होती, आणि तपासात तिचे धागे सिंगापूरपर्यंत पोहोचले.

गुब्बिओचे नाव आपल्याला परिचित आहे ते संत फ्रान्सिस असिसीकर आणि लांडगा यांच्या कथेमुळे. त्या कथेत संत लांडग्याला केवळ कुरवाळीत नाहीत. त्याने गावाचा केलेला घात ते प्रथम त्याच्या तोंडावर बोलून दाखवितात. समेट होतो तो त्यानंतर. अपराध झाकून दिलेली क्षमा गावाला वाचवू शकली नसती.

तिसरा प्रश्न साक्षीच्या किमतीचा. जानेवारी २०१२ मध्ये झुरिच येथे जागतिक फुटबॉल महासंघाच्या समारंभात फारिनाचा गौरव झाला. राष्ट्रीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक चेझारे प्रांदेल्ली यांनी त्याला आपल्या संघाच्या सरावास सन्मानाने बोलाविले. मग टाळ्या थांबल्या. त्याच वर्षी गुब्बिओची पुन्हा खालच्या श्रेणीत घसरण झाली, फारिनाचा करार संपला आणि इटलीतील कोणत्याही क्लबचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द आटोपली. अखेर इंग्लंडमधील ॲस्टन व्हिला क्लबने बर्मिंगहॅम येथे मुलांना खेळ शिकविण्याचे काम त्याला दिले.

या घटनेचा खरा रोख फारिनाकडे नाही, तो टाळ्या वाजविणाऱ्यांकडे आहे. टाळीला काही मोल पडत नाही. साक्ष देणाऱ्याला पुन्हा आपल्या पंगतीत बसवून घेण्याला पडते. पतपेढीच्या हिशेबातील खोट दाखविणाऱ्या सभासदाची आपण सभेत वाहवा करतो आणि पुढल्या निवडणुकीत ‘उगाच कटकट नको’ म्हणून त्याला वगळतो. त्याला कोणी शिक्षा ठोठावीत नाही, कोणी कारणही सांगत नाही; केवळ त्याला बोलावणे येईनासे होते. आपली मुले हे पाहत असतात. प्रामाणिकपणाचे जे धडे आपण त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गात देतो, ते या एका दृश्याने पुसले जातात.

म्हणून साक्ष देणे हे जसे एकट्याचे कर्तव्य, तसे साक्ष देणाऱ्याला सांभाळणे हे समाजाचे कर्तव्य आहे. पहिले कर्तव्य फारिनाने पार पाडले. दुसरे त्याच्या मायदेशातील क्लबांना जमले नाही. आपल्या धर्मग्रामात असा एखादा माणूस एकाकी बसला असेल, तर येत्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याच्याशी चार शब्द बोलायला आपल्यापैकी कोण थांबणार आहे?