ई-क्लास कोणाची?

वऱ्हाडात गायरानाला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. महसुली दप्तरातलं हे अक्षर वाशिमकडच्या खेड्यांत जुन्या माणसांच्याही तोंडी बसलं आहे. आखरावर जमलेली ढोरं ढोरकी तिथं चरायला न्यायचा आणि घरोघरून त्याला धान्य मिळायचं.

अशा सामाईक कुरणावरची जनावरं रोडकी का राहतात, हा प्रश्न १८३३ साली ऑक्सफर्डच्या विल्यम फॉर्स्टर लॉईडने विचारला. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने त्याचं उत्तर ठाम केलं. एक जनावर वाढवलं तर नफा माझा एकट्याचा, घटलेल्या चाऱ्याचा तोटा मात्र साऱ्या गावात वाटला जाणार. म्हणून जो तो वाढवतच जातो. उपाय दोनच: खासगी मालकी किंवा सरकारी अंकुश.

हिशेब चोख आहे. पण हार्डिनच्या कुरणावरची माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात बोलणारी गावं दाखवली. तोर्बेल या स्विस गावात हिवाळ्यात जगवता येतील तेवढ्याच गाई उन्हाळी कुरणावर न्यायच्या, हा नियम १५१७ पासूनचा. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तरीही ई-क्लासला ऑस्ट्रॉम पुऱ्या लागू पडत नाहीत, असं मला वाटतं. इथं चराई गावाची, मालकी सरकारची. ज्यानं हात आवरला, त्यानं राखलेला तुकडा दुसऱ्यानं नांगरला, तर आवरायचं कशासाठी? अर्थशास्त्रज्ञ नरपतसिंह जोधा यांनी १९८६ मध्ये कोरडवाहू भागातल्या गावांचा अभ्यास मांडला. त्यात अकोला जिल्हाही होता आणि वाशिम तेव्हा अकोल्यातच होतं. पन्नासच्या दशकापासून तीसेक वर्षांत निरनिराळ्या राज्यांत सामाईक जमीन ३१ ते ५५ टक्क्यांनी घटली होती. ढोरांनी ओरबाडली त्याहून अधिक ती वाटपात आणि अतिक्रमणात वहितीखाली गेली.

या अतिक्रमणाला सरसकट हाव म्हणणं अन्यायाचं आहे. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या सत्याग्रहात भूमिहीनांनी पडीक जमीनच मागितली होती. गावाचे नियम ठरताना ज्यांना कधी कोणी विचारलं नाही, त्यांच्याकडून संयमाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगताना भूमिहीनांच्या पट्ट्यांना अपवाद ठेवला, ते मला योग्य वाटतं.

घोडबाभूळची गोष्ट निराळी. वाशिम जिल्ह्यातल्या या गावचं ३७ एकर गायरान २०२२ मध्ये एका खासगी व्यक्तीला देण्याचा आदेश थेट मंत्रिपातळीवरून निघाला आणि नागपूर खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. हार्डिनच्या कुरणावर फक्त गुराखी आहेत. एका सहीनं कुरणच उचलणारा त्यात कुठंच नाही.

सोयाबीन उभं असतं त्या दिवसांत चार शेळ्या घेऊन निघालेली बाई धुऱ्याधुऱ्यानं, नाहीतर सडकेच्या कडेनं जाते. दुसरीकडे न्यायला जागा नाही. शेळीनं शेंगेला तोंड लावलं की शिव्या तिलाच बसतात.