नाबोथच्या मळ्यातील घर



संत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वेदीवरचे पुतळे उभे राहतात. चुलीपाशी आणि शेतात झिजलेली बाई आपल्याला सहसा आठवत नाही. आज आपण अशाच एका बाईच्या जीवनाकडे पाहू या. ती कॅथलिक नव्हती, प्रॉटेस्टंट होती. तिच्यापासून आपल्याला दोन धडे मिळतात, आणि दुसरा पहिल्यापेक्षा कठीण आहे.

कॅरोलाईनचा जन्म १८३९ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन येथे झाला. ती पाच वर्षांची असताना तिचे वडील मिशिगन सरोवरात बुडून वारले. मोठेपणी ती शिक्षिका झाली आणि १८६० साली चार्ल्स इंगल्स या शेतकऱ्याशी तिचा विवाह झाला. नवऱ्याच्या पायाला भिंगरी होती. नव्या जमिनीच्या शोधात कुटुंब विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा, डकोटा असे फिरत राहिले. प्रत्येक ठिकाणी नव्याने चूल मांडली ती कॅरोलाईनने.

मिनेसोटात टोळधाडीने उभे पीक खाल्ले. १८७५ साली मदतीचे पीठ मिळावे म्हणून चार्ल्सला आपण निष्कांचन असल्याचे लिहून द्यावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा नऊ महिन्यांचा होऊन दगावला. १८७९ साली थोरली मेरी आजारपणात आंधळी झाली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. १८८०-८१च्या हिवाळ्यात डकोटात बर्फाने आगगाड्या बंद पडल्या. तेव्हा या कुटुंबाने कॉफी दळण्याच्या हातयंत्रात गहू दळले आणि सुक्या गवताचे पीळ जाळून ऊब घेतली. सारफथच्या विधवेच्या मडक्यातले मूठभर पीठ आपण शास्त्रात वाचतो. या माउलीने तसे दिवस काढले. तरीही १८८१ साली तिने मेरीला आयोवातील अंधांच्या शाळेत धाडले. हा पहिला धडा: घरातली निष्ठा हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

आता दुसरा धडा. १८६९ साली इंगल्स कुटुंबाने कॅन्ससमध्ये घर बांधले. ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांसाठी राखलेली होती. तिथे वसण्याचा या कुटुंबाला हक्क नव्हता. पण असे वसाहतवाले येतच राहिले. १८७० साली सरकारने कायदा केला आणि ओसेज लोकांना दक्षिणेकडे जावे लागले. त्यांच्यात येशूसंघीय धर्मगुरू १८४७पासून शाळा चालवीत होते. ओसेजांपैकी अनेकजण आपल्याच ख्रिस्तसभेतले होते.

कॅरोलाईनची मुलगी लॉरा हिने पुढे बालपणाच्या आठवणींवर पुस्तके लिहिली. त्यांतली आई देवभीरू आहे, पण या शेजाऱ्यांचा तिला तिटकारा आहे. १९३५ साली निघालेल्या पुस्तकात, त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य होते. १९५२ साली एका वाचकाने त्यावर पत्र लिहिले. लॉरा तेव्हा पंचाऐंशी वर्षांची होती. तिने चूक मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत ‘माणसे’ ऐवजी ‘वसाहतवाले’ असा शब्द आला.

बंधू-भगिनींनो, आम्ही कॅरोलाईनचा न्याय करायला बसलेलो नाही. सेमिनरीत आम्ही शिकलो की अज्ञान दोन प्रकारचे असते: एक दूर करता न येणारे, आणि दुसरे, दूर करता येत असूनही आपण जपून ठेवलेले. दुसऱ्याची जबाबदारी आपली असते. नाबोथचा मळा बळकावणारा अहाब राजा आपण चटकन ओळखतो. पण प्रार्थना करणारी, कष्टाळू, प्रेमळ माणसे नाबोथच्या मळ्यात घर बांधतात, तेव्हा ओळखणे कठीण जाते. आणि ती माणसे आपणच असलो, तर फारच कठीण.

या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर आपण घरी एकच प्रश्न विचारू या: आपल्या सुखाच्या हिशेबात कोणाला आपण माणूस म्हणून मोजायचे विसरलो? बांधापलीकडचा शेजारी? आपल्या शेतावर राबणारी मजूर बाई? परगावाहून आलेला भाडेकरू? उत्तर सापडले तर वाक्य दुरुस्त करायला पंचाऐंशीव्या वर्षीही उशीर झालेला नसतो.

प्रभू आपल्याला कॅरोलाईनची चिकाटी देवो, आणि तिला जे दिसले नाही ते पाहण्याची दृष्टीही देवो.

– आपले धर्मगुरू