रस्त्याला नाव कोणी द्यावे?



नवीन रस्ता झाला की त्याला नाव काय द्यायचे, यावर गावात चार दिवस तरी बोलणे होते. कोणी संताचे नाव सुचवतो, कोणी पुढाऱ्याचे. शेवटी ज्यांची संख्या जास्त, त्यांचे नाव फलकावर जाते. लोकांना विचारले, बहुमत झाले, प्रश्न मिटला, असे आपण समजतो. खरेच मिटतो का?

नाव वस्तूच्या स्वभावातच असते की माणसे आपसात ठरवतात म्हणून चिकटते, हा वाद प्लेटोने ‘क्रॅटिलस’ या संवादात मांडला आहे. वस्त्यांची नावे माणसेच ठरवतात, हे उघड आहे. पण कोणती माणसे? महारवाडा, मांगवाडा ही नावे तिथे राहणाऱ्यांनी सभा भरवून घेतली नव्हती. ती इतरांनी दिली, आणि राहणाऱ्यांना पत्त्यात पिढ्यान्‌पिढ्या लिहावी लागली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. निर्णय योग्यच होता. पण नवे नाव निवडतानाही सगळ्या गावाचे हात मोजले आणि त्या वस्तीचे ऐकलेच नाही, तर फलक तेवढा नवा, रीत जुनीच.

आपण मराठवाड्यातली माणसे, आपल्याला हे वेगळे सांगायला नको. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर दलितांची घरे जळाली, माणसे मेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. हात मोजून एखादे नाव किती जणांना हवे, एवढे कळते. ते नाकारले तर कोणाच्या काळजाला किती लागेल, हे त्या मोजणीत येत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानात (१६:१९-३१) श्रीमंताला नाव नाही. त्याच्या दारात पडलेल्या गरिबाला मात्र आहे, लाजरस. (आपल्याकडे असते तर श्रीमंताच्या नावाचा चौक झाला असता.) प्रभू येशूला ज्याची हाक ऐकायची होती, त्याचे नाव त्याने आधी घेतले. सल्लामसलतीचा क्रमही असाच असावा. ज्याला ते नाव रोज लिहायचे आहे, त्याला पहिल्यांदा विचारावे.

हे आपल्यालाही लागू आहे. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याला संताचे नाव मागावे, असे उद्या कोणाच्या मनात येईल. त्या रस्त्यावर इतर धर्मांची घरे असतील, तर त्यांच्या दारी जाऊन आधी विचारा. ते नको म्हणाले तर मागणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दमास्कसमध्ये शौल ज्या रस्त्यावरच्या घरात उतरला होता (प्रे. कृत्ये ९:११), त्याचे नाव नुसते ‘सरळ’ असे होते. ‘शाळेचा रस्ता’, ‘विहिरीची वाट’ ही नावेही चांगलीच आहेत.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, अशी आपल्या कायद्यात तरतूद आहे. नावाचा विषय निघाला तर बहिणींनी त्या सभेला जावे. लग्न करून आलेल्या बाईला गल्लीचे नाव आयतेच मिळते, तिला कोणी विचारलेले नसते. एकटीने उठून बोलायला संकोच वाटत असेल, तर शेजारच्या दोघींना बरोबर घ्या.